रुंद स्कीवर घरीच बाइंडिंग बसवायचं आहे: ब्रेक वाकवू की नवा घेऊ?

डोंगरउतार (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. मी सिअ‍ॅटलला असतो. गेली सहा वर्षं ८८ मिमी कमरेच्या (म्हणजे मधल्या भागात तेवढ्या रुंद) स्कीवर निभावलं, पण आमच्या कॅस्केड डोंगरांतला बर्फ जड आणि ओला. सकाळी गुडघाभर नवा बर्फ पडलेला असला की त्या अरुंद स्की सुरीसारख्या खाली रुततात आणि मांड्या भरून येतात. म्हणून या वर्षी एकाकडून वापरलेल्या रुंद स्की घेतल्या. लांबी १८४ सेंमी, कंबर ११२ मिमी. माझं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा, चांगलं आहे, तीनच हंगाम वापरलंय. तेच काढून या नव्या जोडीवर घरी बसवायचा विचार आहे.

अडचणी अशा:

बाइंडिंगच्या ब्रेकवर (बूट सुटला की बर्फात रुतून स्की थांबवणाऱ्या दोन दांड्या) १०० चा शिक्का आहे आणि स्की ११२ ची. वाकवून भागेल का?

स्कीवर आधीच्या मालकाची भोकं आहेत. त्याचा बूट माझ्यापेक्षा मोठा होता, बाइंडिंगही वेगळ्या कंपनीचं.

लाकूडकाम मी बऱ्यापैकी करतो. घरी ड्रिल, व्हाइस, व्हर्नियर सगळं आहे. पण स्कीला भोक पाडायचं म्हटलं की हात थबकतो. चुकलं तर भोक बुजवता येईल, पण पाय मोडला तर काय?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांचे अनुभव हवेत.

चष्मेबद्दूर

शीर्षकातलं 'बाइंडिंग' वाचून मी पुस्तकबांधणीचा धागा समजून आत आलो. आता आलोच आहे तर बसतो.

रॉकीकाका

डेन्व्हरहून लिहितोय. तेवीस वर्षं स्की करतोय आणि माझं मत स्पष्ट आहे: दुकानात द्या. त्यांच्याकडे प्रत्येक मॉडेलचा धातूचा साचा असतो. तो स्कीला शिकंज्यासारखा आवळायचा आणि त्यातल्या नळ्यांतून भोकं पाडायची, त्यामुळे ती तिरकी जातच नाहीत. शेवटी यंत्रावर सुटण्याची चाचणीही होते. बूट वेळेवर सुटला नाही तर नडगीचं हाड जातं आणि नको तेव्हा सुटला तर माणूस कड्यावरून जातो. साठ-सत्तर डॉलर वाचवायला हा खेळ कशाला?

पावडरपुरी

रॉकीकाकांशी निम्मी सहमत. मी सॉल्ट लेकला राहते आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार एका स्कीच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

बसवणं आणि तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. बसवणं म्हणजे मोजमाप आणि भोकं. हात स्थिर असलेला आणि घाई न करणारा कुणीही ते घरी करू शकतो. तपासणीला मात्र यंत्र लागतं. बाइंडिंगचा पुढचा भाग (पंजा) आडवा आणि मागचा (टाच) वर किती जोराने सुटतो ते यंत्र मोजतं आणि तो आकडा आयएसओ ११०८८ या मानकाच्या तक्त्याशी ताडून पाहतात. बाइंडिंगच्या खिडकीतला डीआयएनचा, म्हणजे किती जोराने सुटायचं त्या आकड्याचा, काटा सातवर दिसला म्हणजे बाइंडिंग सातलाच सुटतं असं नाही. स्प्रिंग थकते, ग्रीस सुकतं, बुटाची टाच झिजते.

तेव्हा घरी बसवा आणि चाचणी दुकानात करून घ्या. आधी फोन करून विचारा. कंपन्या दर वर्षी आपल्या बाइंडिंगची यादी काढतात, आणि यादीतून बाहेर गेलेल्या मॉडेलला दुकानं हात लावत नाहीत, कारण काही झालं तर कंपनी दुकानाच्या मागे उभी राहत नाही. तीन हंगाम जुनं असेल तर तुमचं बहुधा यादीत असेल.

ब्रेकबद्दल: शिक्क्यावर जाऊ नका. ब्रेक उघडा ठेवून दोन्ही दांड्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि इथे लिहा.

कानस

+१. माझ्या ९० च्या शिक्क्याचा ब्रेक मोजला तर ९३ भरला होता.

गिरमिट

डोंगरउतार, तुमचा हात का थबकतो ते समजतं. माझे वडील सांगलीला सुतार. मी इन्सब्रुकला आहे आणि आजवर स्वतःच्या अन् मित्रांच्या मिळून अकरा जोड्यांवर घरी बाइंडिंग बसवलंय. सांगतो तसं केलंत तर निभावेल.

आधी स्कीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. बाइंडिंग बसतं त्या भागात '४.१ × ९' किंवा '३.६ × ९' असं छापलेलं असतं. पहिला आकडा बिटचा व्यास, दुसरा खोली, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आत टायटॅनलचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, पत्रा असेल तर ४.१. नुसतं लाकूड आणि फायबर असेल तर ३.६. पत्र्याच्या स्कीला ३.६ ने पाडून स्क्रू रेटलात तर पत्रा भोकाभोवती टेंगळासारखा वर येतो आणि बाइंडिंग सपाट बसत नाही. पत्रा असेल तर स्कीचा खास टॅप मिळतो, त्याने आधी आटे पाडून घ्या.

खोलीसाठी बिटला चिकटपट्टी गुंडाळू नका. ती गरम होऊन सरकते आणि नऊचे अकरा कधी झाले ते कळतही नाही. वडिलांची युक्ती अशी: कठीण लाकडाचा ठोकळा घ्यायचा, त्यातून बिट आरपार काढायचा आणि टोक बरोबर ९ मिमी बाहेर राहील असं जुळवायचं. ठोकळा स्कीवर टेकला की बिट पुढे जाऊच शकत नाही, आणि ठोकळ्याचा तळ सपाट असल्याने बिट गुण्यातच, म्हणजे काटकोनातच, उतरतो. एका दगडात दोन पक्षी. पहिली चार भोकं टाकाऊ फळीवर पाडून खोली मोजा.

मध्यरेषा काढायला कागदाची पट्टी स्कीवर आडवी ताणून दोन्ही कडांशी नखाने दाबा. कडांच्या खुणा कागदावर उमटतात. त्या खुणा एकमेकींवर आणून घडी घाला, घडी म्हणजे मध्य. असं पुढे, मध्ये आणि मागे तीन ठिकाणी करून बिंदू जोडा. रुंद स्कीवर फूटपट्टीने अर्धं करत बसण्यापेक्षा हे अचूक येतं, कारण कडांना बाक असतो आणि पट्टी तिरकी धरली जाते.

मग बुटाच्या कडेवरची मधली रेघ आणि स्कीवरची खूण जुळवायची. आधी फक्त पंजाची भोकं पाडा, पंजा बसवा, खरा बूट त्यात अडकवा आणि तो बूट धरूनच टाचेची जागा आखा. कागदी साच्यावर भरवसा एकदाच टाकायचा, दोनदा नाही.

स्क्रू पॉझीड्राइव्ह तीन नंबरच्या टोकाने. साधं फुलीचं टोक त्यात बसल्यासारखं वाटतं, पण जोर दिला की निसटून डोकं खातं. भोकात आधी पाण्याला दाद न देणारा लाकडाचा गोंद थेंबभर. तो स्क्रू सरकवायलाही मदत करतो आणि बर्फाचं पाणी लाकडी गाभ्यात जाऊ देत नाही. शेवटचे फेरे हाताने, आलटून पालटून समोरासमोरचे स्क्रू घेत.

चष्मेबद्दूर

सिअ‍ॅटलमध्ये फेव्हिकॉल मरीन मिळतो का, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. त्या जाहिरातीतली माणसं बाइंडिंगमधून कधीच सुटली नसती.

गिरमिट

मिळाला तर उत्तम चालेल. नाहीतर तिकडच्या हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही जलरोधक पांढरा-पिवळा गोंद. अ‍ॅराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा डिंक फक्त आटे गेलेल्या भोकात वापरा. तो एकदा धरला की स्क्रू काढताना सोल्डरिंग आयर्नने डोकं तापवावं लागतं.

पूर्वा ओस्लो

गिरमिट यांचा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. कागदाच्या घडीची युक्ती मी आजच स्वयंपाकघरातल्या फळीवर करून पाहिली. लेकीला भूमिती शिकवायलाही उपयोगी!

अस्थिमित्र

मी पुण्यात अस्थिरोगतज्ज्ञ आहे. स्की आयुष्यात दोनदा केली, दोन्ही वेळा गुलमर्गला. एक गोष्ट सांगणं मला कर्तव्य वाटतं.

सुटणारी बाइंडिंग आल्यापासून नडगीची हाडं मोडण्याचं प्रमाण खूप उतरलं, कारण ती त्यासाठीच बनवलेली आहेत. गुडघ्यातल्या लिगामेंटचं, विशेषतः एसीएलचं, तेवढं संरक्षण ती करत नाहीत. मागच्या बाजूला पडताना गुडघा पिळला जातो आणि तो जोर बाइंडिंगला जाणवण्याआधीच लिगामेंट तुटलेलं असू शकतं. तेव्हा 'डीआयएन बरोबर लावलंय, आता गुडघा सुरक्षित' असं कुणी समजू नका.

रुंद स्की कडक बर्फावर कडेवर उभी करताना तरफ लांब होते आणि तो भार गुडघ्यावर येतो. ताज्या बर्फात हा प्रश्न कमी.

आणि डीआयएनचा आकडा मित्राला विचारून लावू नका. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता यावर ठरतो. पन्नाशीला पोचलेल्यांसाठी तक्त्यात एक ओळ वर, म्हणजे कमी आकड्याकडे जायचं असतं. ही ओळ बरेचजण सोयीस्करपणे विसरतात.

रॉकीकाका

डॉक्टर, मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि ती ओळ मी दर वर्षी पाळतो.

अस्थिमित्र

फार छान. माझ्या रुग्णांना तुमचं उदाहरण देईन.

विलामेट

अवांतर, पण राहवत नाही. मी पोर्टलंडला असतो. सुटणाऱ्या बाइंडिंगचा जन्म आमच्या भागातला. ह्याल्मार ह्वाम हा नॉर्वेहून आलेला स्कीपटू. १९३७ मध्ये माउंट हूडवर त्याचा पाय मोडला. तेव्हा बूट स्कीला पक्का जखडलेला असायचा, माणूस पडला तरी स्की पाय सोडायची नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला पंजाशी आडवं वळून सुटणाऱ्या यंत्रणेची कल्पना सुचली. पुढे त्याने ते 'सेफ-स्की' नावाने विकलं. आज आपण डीआयएनवर वाद घालतोय त्याचं मूळ एका मोडलेल्या पायात आहे.

रुंद स्कीची गोष्टही अशीच. १९८० च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅटॉमिक या स्की कंपनीच्या रुपर्ट हुबर नावाच्या अभियंत्याने स्नोबोर्ड उभा चिरला आणि दोन्ही फाळक्यांवर बाइंडिंग बसवली. लोक म्हणाले ही म्हाताऱ्यांची स्की. पुढे शेन मॅकॉन्की या स्कीपटूने तर अलास्कात चक्क पाण्यावरच्या वॉटर-स्कीवर बाइंडिंग ठोकून डोंगर उतरून दाखवला. त्यातून व्होलंट कंपनीची 'स्पॅच्युला' ही स्की आली आणि रुंद, उलट्या बाकाच्या स्कीचं युग सुरू झालं. तेव्हा डोंगरउतार, घरी ड्रिल घेऊन बसणारे तुम्ही पहिले नाही, घराणं मोठं आहे.

बर्फाळलेली

काय सुंदर माहिती! स्नोबोर्ड उभा चिरणाऱ्या माणसाचं घर कसं असेल, त्याच्या बायकोला विचारायला हवं होतं.

काश्मिरी केशर

अस्थिमित्रांनी गुलमर्गचं नाव घेतलं म्हणून. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवाटला चढलं की जवळजवळ चार हजार मीटरवरून उतार सुरू होतो आणि बर्फ इतका हलका की रुंद स्कीशिवाय मजा नाही. चार वर्षांपूर्वी एका ठिकाणी भाड्याने रुंद स्की घेतल्या. ब्रेकची एक दांडी दुसरीपेक्षा बोटभर बाहेर आलेली. मी दुर्लक्ष केलं. वळणावर ती दांडी दुसऱ्या स्कीच्या कडेत अडकली आणि मी तोंडावर पडले. दात शाबूत राहिले, पण ओठ फाटला. कुणीतरी ब्रेक वाकवला होता आणि तो धड वाकवला नव्हता. म्हणून माझं मत: वाकवू नका, योग्य मापाचा विकत घ्या.

डोंगरउतार

सगळ्यांचे आभार. इतक्या आपुलकीची उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. काश्मिरी केशर, तुमचा अनुभव वाचून पोटात गोळा आला.

मापं घेतली. ब्रेक प्रत्यक्षात १०४ मिमी. स्कीवर '४.१ × ९' छापलंय, म्हणजे पत्रा आहे. माझ्या बुटाचा तळ ३०५ मिमी, टाचेवर कोरलेला आहे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. नेटवरून बाइंडिंगचा कागदी साचा उतरवून छापला आणि आखायला बसणार होतो. सहज त्यावरची १०० मिमीची तपासणी-रेघ फूटपट्टीने मोजली तर ९७! प्रिंटरने 'पानात बसवा' करून आखडलं होतं. ३०५ ला तीन टक्के म्हणजे नऊ मिलिमीटरची चूक झाली असती. पुन्हा पूर्ण मापात छापल्यावर बरोबर १०० आली.

बरोबर साचा स्कीवर ठेवल्यावर कळलं की पंजाची मागची दोन भोकं आधीच्या भोकांच्या फक्त ४ मिमी मागे येतात. आता काय करू?

पावडरपुरी

प्रिंटरची तपासणी केलीत ते फार बरं केलंत. या चुकीने दुकानात दुरुस्तीला आलेल्या दोन जोड्या मी पाहिल्या आहेत.

भोकांच्या केंद्रांमध्ये साधारण १० मिमी अंतर ठेवा. चार मिमीवर नवं भोक पाडलंत तर मधली भिंत इतकी पातळ होते की स्क्रूवर जोर आला की दोन्ही भोकं एक होतात. सगळं ६ मिमी आणखी मागे न्या. शिफारस केलेल्या खुणेच्या मागे सहा मिलिमीटर म्हणजे ताज्या बर्फात काहीच नाही. उलट टोक थोडं जास्त तरंगतं. फक्त टाचेची नवी भोकं कुठल्या जुन्यावर येत नाहीत ना ते पाहा, आणि दोन्ही स्कीवर अगदी तेवढंच मागे घ्या.

जुनी भोकं प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या खुंट्या गोंदात बुडवून ठोकून बुजवा आणि पाठीशी सपाट कापा. उघडी ठेवलीत तर गाभा पाणी पितो.

कानस

मला वाटतं इथे इन्सर्ट टाकणंच शहाणपणाचं. पोलादी, आतून एम५ आटे असलेली नळी स्कीत कायमची बसते आणि बाइंडिंग बोल्टने लागतं. मग एकच बाइंडिंग हवं तेव्हा ८८ वर, हवं तेव्हा ११२ वर. मी तीन जोड्यांवर एकच बाइंडिंग फिरवतो.

गिरमिट

कानस, इन्सर्ट चांगलेच, पण पहिल्याच खेपेला नको. त्याला जवळजवळ ८ मिमीचं भोक लागतं. साध्या स्क्रूचं भोक मिलिमीटरभर तिरकं गेलं तर निभावतं, इन्सर्ट तिरकं बसलं तर बोल्ट आत जातच नाही. आणि ८ मिमीची भोकं जुन्या भोकांच्या शेजारी आली तर जागा उरणार नाही.

कानस

जागेचा मुद्दा मान्य. तिरकेपणाचा नाही. तुमचाच ठोकळा ८ मिमीला बनवा की.

गिरमिट

बरोबर बोललात. हा विचार मला सुचला नव्हता.

रॉकीकाका

तुमचं हे सगळं वाचून मी गॅरेजमध्ये जाऊन ड्रिल कुठे ठेवलंय ते पाहून आलो. मत बदललेलं नाही, नोंद घ्यावी.

सायकलस्वार

ब्रेकच्या मूळ प्रश्नाकडे वळू या का? १०४ ला ११२ वर न्यायचं म्हणजे एका बाजूला ४ मिमी, आणि घासू नये म्हणून एखाद मिमी मोकळीक. प्रत्येकी पाच. मी एवढं वाकवलंय, चार हंगाम चाललंय. काश्मिरी केशर यांचा अनुभव वाईट होता, पण ती वाकवणाऱ्याची चूक, वाकवण्याची नाही.

पद्धत अशी. ब्रेक टाचेच्या भागातून सोडवून काढा. दांडीचा मुळाकडचा भाग व्हाइसमध्ये धरा, खाली-वर लाकडाच्या चकत्या घाला म्हणजे पोलादाला चरे पडणार नाहीत. दांडीवर लोखंडी नळी सरकवून हळूच बाहेर दाबा. इथेच बहुतेकजण थांबतात आणि चुकतात. नुसती बाहेर दाबली तर दांडी पंख्यासारखी फाकते आणि टोक दुसऱ्या स्कीला लागतं. मुळाशी बाहेर, मग थोड्या अंतरावर परत आत, अशी दोनदा वाकवायची. टोक स्कीला समांतरच राहिलं पाहिजे, फक्त ५ मिमी बाहेर सरकलेलं. तापवू नका, तापवलं तर पोलादाची ताकद जाते.

काश्मिरी केशर

हे मला पटलं. माझ्या त्या स्कीवरची दांडी पंख्यासारखीच होती. पण टोक समांतर आलं की नाही हे घरी कसं तपासायचं?

सायकलस्वार

काचेच्या टेबलावर ब्रेक ठेवा. दोन्ही टोकं काचेला एकसारखी टेकली आणि दोन्हींच्या आत समांतर फूटपट्टी बसली की झालं. नंतर स्कीवर बसवून बुटाच्या जागी हाताने दाबा. दांड्या आत-वर मिटताना कडेला घासतात का ते कान देऊन ऐका.

चष्मेबद्दूर

धागा वाचून मी स्की शिकायचं ठरवलंय. मुंबईत राहणारा उंटावरचा शहाणा असलो तरी.

पूर्वा ओस्लो

मुंबईला बर्फाचा गोळा मिळतो. सुरुवात तिथून करा.

डोंगरउतार

तीन आठवड्यांनी परत आलो, उशिराबद्दल माफी. झालं काम. थोडं तपशिलाने लिहितो, कारण पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी ब्रेक. सायकलस्वार यांच्या पद्धतीने वाकवला. डावा पहिल्याच खेपेत जमला. उजव्याची बाहेरची दांडी दोन मिमी जास्त गेली. परत आत दाबताना तिच्या टोकाच्या प्लास्टिकला चीर गेली. ती जोडी तशीच वापरायची माझी हिंमत झाली नाही. त्या बाइंडिंगसाठी ११५ चा ब्रेक वेगळा मिळतो, तो मागवला आणि दोन्ही पायांना नवे लावले. वाकवलेला डावा चांगला होता, पण एका पायाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असं मनाला पटेना.

भोकं. गिरमिट, तुमचा ठोकळा मी जुन्या सागवानी चौकटीच्या तुकड्यातून बनवला. ती चौकट आमच्या गावच्या घराची, बाबांनी पार्सलमध्ये घालून पाठवली होती. पहिलं भोक पाडताना ठोकळा स्कीवर टेकला आणि बिट थांबला तो आवाज विसरणार नाही. लाकडाचा पांढरा भुगा आणि त्यात चमकणारे पत्र्याचे बारीक वेटोळे. तेव्हा खात्री झाली की ४.१ बरोबर होतं. स्ट्रॉने फुंकून भोकं साफ केली, टॅपने आटे पाडले, गोंदाचा थेंब आणि मग स्क्रू. पंजाची भोकं जुन्यांपासून १० मिमी, टाचेची १४.

टाच बसवताना खरा बूट अडकवूनच आखली, त्याचा फायदा झाला. साच्याप्रमाणे टाच एक मिमी पुढे आली असती. माझ्या बुटाची टाच झिजलेली आहे. पुढचा दाब, म्हणजे टाच बुटाला पुढे जेवढी दाबते तो, कंपनीच्या खुणेवर आणला. पंजाखालची उंची बुटाखाली कागदाची पट्टी घालून तपासली: ओढली की अडखळत निघायला हवी, तशी निघाली.

मग चाचणी. पावडरपुरी, तुम्ही सांगितलं तसं आधी फोन केला. मॉडेल यादीत होतं. घरी बसवलंय म्हटल्यावर काउंटरवरच्या तरुणाने आधी स्की उलटी करून तळ पाहिला, कुठे टेंगूळ आलंय का. नव्हतं. यंत्रावर दोन्ही पंजे मर्यादेत. डावी टाचही. उजवी टाच मात्र सातवर असूनही मर्यादेपेक्षा जास्त जोराने सुटत होती. त्याने ती अर्ध्या आकड्याने खाली आणली, पुन्हा तपासली आणि मग बसली. मी तसाच डोंगरावर गेलो असतो तर माझा उजवा पाय उशिरा सुटला असता. हे मला दिसलंच नसतं.

पावडरपुरी

हे वाचून फार बरं वाटलं. उजव्या टाचेची ती गोष्ट आमच्या दुकानात दर आठवड्याला दिसते, आणि ती बसवणाऱ्याची चूक नसते. जुन्या बाइंडिंगचं ते असंच असतं. पुढच्या हंगामाआधी पुन्हा तपासा.

गिरमिट

सागवानी चौकटीचा ठोकळा! वडिलांना फोन करून वाचून दाखवला. ते म्हणाले, 'बिट सागवानात गरम होत असेल, मध्ये मध्ये थांबायला सांग.'

डोंगरउतार

त्यांना नमस्कार सांगा. गरम होत होता. चौथ्या भोकाला थांबलो होतो.

रॉकीकाका

काम चोख झालंय आणि चाचणी केलीत, म्हणून मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण त्याला जोड देतो: 'दुकानात द्या, किंवा डोंगरउतारसारखं करा.' बर्फात कशा चालल्या ते लिहा.

डोंगरउतार

परवा माउंट बेकरला गेलो होतो. १९९८-९९ च्या हंगामात तिथे ११४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला होता. परवा तेवढा नव्हता, पण मांडीपर्यंत होता आणि ओला. स्कीची टोकं वर राहिली. दुपारी झाडांत एक उंचवटा चुकला आणि पडलो. दोन्ही स्की सुटल्या, ब्रेक उघडले आणि दोन्ही चार हातांवर थांबल्या. गुडघा ठीक आहे. अस्थिमित्र, घरी येऊन तुमचा प्रतिसाद पुन्हा वाचला.

अस्थिमित्र

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा पायऱ्या उतरताना सटकल्यासारखं वाटलं तर तपासून घ्या. नसेल तर पुढच्या शनिवारी खुशाल जा.

साप्पोरोकर

उशिरा आलो. माझ्याकडे ११८ मिमीच्या स्की आणि ११० चा ब्रेक, मोजला तर ११३. बुटाचा तळ २९५. स्कीवर '३.६ × ९' आहे. म्हणजे टॅप लागणार नाही ना? आणि गिरमिट, इथे सागवान मिळत नाही, मेपलचा ठोकळा चालेल?

गिरमिट

३.६ ला टॅप लागत नाही. मेपल उत्तम, सागवानापेक्षाही कठीण आहे. बिट त्यातून अगदी सरळ उतरला पाहिजे, आधी फळीवर चार भोकं पाडून पाहा. ब्रेकसाठी सायकलस्वार यांचा प्रतिसाद वर आहे. त्याआधी तुमच्या बाइंडिंगला १३० चा ब्रेक सुटा मिळतो का ते विचारा, पण तोही लावण्याआधी स्कीवर धरून पाहा. फार बाहेर आला तर दुसऱ्या स्कीला लागेल.